माइक गेला असं वाटतंय? नवीन घेण्याआधी ड्रायव्हर तपासा



गेल्या दिवाळीची गोष्ट. धनत्रयोदशीला तीन दिवस बाकी होते, माझ्या दुकानात मिठाईच्या बॉक्ससाठी आणि पाऊचसाठी नुसती झुंबड, आणि तेवढ्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला.

"सर, माइक गेला. नुसती खरखर येतेय आणि मध्येच शब्द तुटतोय. इथल्या दुकानात साडेसहा हजारांचा मिळतोय, घेऊन टाकू का?"

या ताई घरूनच जाहिराती रेकॉर्ड करून देतात. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरणारी जाहिरात असते ना, ती. कापड दुकानाचा सेल, नवीन क्लिनिकचं उद्घाटन, क्लासची अॅडमिशन. भांडवल किती? एक लॅपटॉप, एक माइक, माइक जोडायचा तो छोटा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आणि खोलीत आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या दोन गोधड्या. धंदा छोटा आहे पण दिवाळी, लग्नसराई आणि निवडणुका या तीन सीझनला व्यवस्थित चालतो. त्या दिवशी त्यांच्याकडे एका कापड दुकानदाराच्या तीन जाहिरातींची ऑर्डर होती, अॅडव्हान्स घेतलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रिक्षा निघणार होती.

मी म्हटलं, "ताई, आधी एक सांगा. तुम्ही बोलता तेव्हा डब्यावरचा दिवा लुकलुकतो का?"

"हो, हिरवा होतो."

"आणि डब्याला हेडफोन लावून डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू केलं तर तुमचा आवाज तुम्हाला स्वच्छ ऐकू येतो का?"

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "येतोय की हो. एकदम क्लिअर."

"मग माइक ठीक आहे. पैसे पर्समध्येच ठेवा."

हा एक प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर माझे नऊ हजार वाचले असते. ती गोष्ट पुढे सांगतो.

मित्रांनो, आवाजाचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. तोंडातून माइक, माइकमधून केबल, केबलमधून इंटरफेस, इंटरफेसमधून यूएसबी, तिथून ड्रायव्हर, मग विंडोज, आणि शेवटी तुमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. सात टप्पे. आपल्याला आवाज फक्त सातव्या टप्प्यावर ऐकू येतो, आणि दोष मात्र आपण पहिल्याला देतो, कारण माइक डोळ्यांना दिसतो आणि ड्रायव्हर दिसत नाही. ड्रायव्हर म्हणजे काय, तर डबा आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. डबा त्याच्या भाषेत आकडे पाठवतो, दुभाषी ते विंडोजला समजावून सांगतो. दुभाषी चुकीचा बसला, जुना झाला किंवा दमला, की उत्तम माइकचाही कचरा होतो.

दिव्याची आणि हेडफोनची ती चाचणी या रस्त्याचे दोन तुकडे करते. डायरेक्ट मॉनिटरचा आवाज लॅपटॉपमध्ये जातच नाही, तो डब्यातूनच परत तुमच्या कानात येतो. तिथे स्वच्छ ऐकू आलं म्हणजे माइक, केबल आणि डबा पास. दोष पुढे, लॅपटॉपच्या बाजूला आहे. तिथेही खरखर किंवा शांतता असेल तर ड्रायव्हरच्या नादाला लागूच नका, केबल बदलून बघा. आणि हो, कंडेन्सर माइक असेल तर डब्यावरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलंय का ते बघा. मागच्या बॅचमध्ये एक दादा तीन दिवस ड्रायव्हर काढत-घालत बसले होते, आणि ते बटणच बंद होतं. हसू नका, माझंही झालंय.

तपासणी सुरू करण्याआधी अजून एक काम. ऑर्डर वेळेत द्यायचीच असेल तर आधी मोबाइल काढा, गोधडीखाली बसा आणि मोबाइलवर एक टेक रेकॉर्ड करून ठेवा. आजकालचे मोबाइल रिक्षाच्या भोंग्यासाठी पुरेसा चांगला आवाज घेतात. गिऱ्हाइकाला तुमचा ड्रायव्हर माहीत नाही, त्याला नऊ वाजता फाइल हवी आहे. एकदा फाइल हातात आली की डोकं शांत राहतं, आणि ही तपासणी शांत डोक्यानेच होते. घाईत माणूस एकदम पाच गोष्टी बदलतो, मग आवाज सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा, लगेच दहा सेकंद रेकॉर्ड करा, ऐका, मगच पुढचा बदल.

लॅपटॉपला डबा दिसतोय का?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे "साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स" अशी ओळ आहे, ती उघडली की तुमच्या इंटरफेसचं नाव दिसायला हवं. तीन शक्यता असतात. नाव दिसतंय आणि काही खूण नाही, तर पुढच्या भागात जा. नावावर पिवळा त्रिकोण आहे, म्हणजे ड्रायव्हर बसला नाही किंवा बिघडला. त्यावर डबल क्लिक केलंत की कोड नंबर दिसतो: २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होऊ शकलं नाही. आणि तिसरी शक्यता, नावच नाही. अशा वेळी आधी केबलवर संशय घ्या. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. डब्याचा दिवा लागतो आणि लॅपटॉपला मात्र काहीच दिसत नाही, हे त्याचंच लक्षण.

ड्रायव्हर पुन्हा बसवायचा असेल तर एक क्रम आहे, तो पाळाच. आधी कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या मॉडेलचा आणि तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा. डाउनलोड आधी, काढणं नंतर. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, आणि त्या वेळी ड्रायव्हरची फाइलही काढायची का असं विचारणारा चौकोन येतो, त्यावर टिक करा. ती टिक राहिली की तोच जुना बिघडलेला ड्रायव्हर विंडोज पुन्हा बसवतो आणि आपण म्हणतो, "काढून घातला तरी तेच." मग केबल काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, नवीन ड्रायव्हर बसवा आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल लावा. बऱ्याच कंपन्यांचे इन्स्टॉलर ड्रायव्हर आधी आणि डबा नंतर असाच क्रम मागतात.

काही डब्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, ते विंडोजच्या स्वतःच्या यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरवर चालतात. २०१७ साली आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे. त्यामुळे डबा लावला, आवाज आला, काम झालं असं वाटतं. साध्या कामाला ते चालतंही. पण कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिला असेल तर तोच बसवा, कारण बफरसारख्या सेटिंग्ज त्यातच मिळतात.

आणि "तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले आहेत, इथे क्लिक करा" असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. फुकट म्हणून घेता आणि नको ते चार प्रोग्राम सोबत येतात. दुकानदार म्हणून सांगतो, फुकट मालाचा हिशेब नंतर लागतो.

विंडोजने भलताच माइक तर धरला नाही ना?

हा भाग पटकन संपवतो, पण सगळ्यात जास्त फोन मला याचेच येतात. तक्रार अशी असते: "आवाज येतोय, पण लांबून आल्यासारखा, पोकळ." याचा अर्थ तुम्ही चांगल्या माइकसमोर बोलताय आणि रेकॉर्ड करतोय लॅपटॉपचा आतला बारका माइक. खात्री करायची देशी युक्ती सांगतो. रेकॉर्डिंग सुरू करा आणि बाहेरच्या माइकवर बोटाने हलकेच टकटक करा, मग लॅपटॉपच्या कीबोर्डजवळ टकटक करा. जिथली टकटक मोठी ऐकू येते, तो माइक चालू आहे.

विंडोजचं मोठं अपडेट झालं, नवीन हेडफोन जोडला किंवा मीटिंगचं एखादं सॉफ्टवेअर टाकलं की डिफॉल्ट माइक बदलू शकतो. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड इथे जाऊन इनपुटमध्ये तुमचा इंटरफेस निवडा. तरीही शांतता असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये मायक्रोफोन उघडा, आणि डेस्कटॉप अॅप्सना माइक वापरायची परवानगी चालू आहे का बघा. ती बंद असली तर ड्रायव्हर, केबल, माइक सगळं ठणठणीत असूनही रेकॉर्डिंगमध्ये सरळ रेष येते.

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी हे वाचाच. ब्लूटूथ हेडफोनचाच माइक वापरला की हेडफोन गाण्याच्या मोडमधून फोन कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि सगळा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडत नाही, ती पद्धतच तशी आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी ब्लूटूथ बंद, वायरचा हेडफोन चालू.

सॉफ्टवेअर कोणत्या दाराने आत जातंय?

विंडोजमध्ये आवाजापर्यंत पोहोचायची दारं बरीच आहेत. ऑडॅसिटी उघडलीत की ऑडिओ सेटअपमध्ये "होस्ट" म्हणून एमएमई, डायरेक्टसाउंड आणि वासापी अशी नावं दिसतात. एमएमई हे सगळ्यात जुनं दार, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. कुठेही चालतं म्हणून डिफॉल्टला तेच असतं. वासापी विंडोज व्हिस्टापासून आलं. आवाज नीट येत नसेल तर ऑडॅसिटीत वासापी निवडून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. अजून एक सवय: ऑडॅसिटी आधी उघडली आणि डबा नंतर जोडला तर तिला डबा दिसत नाही. तिथेच "रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस" आहे, ते दाबा किंवा प्रोग्राम बंद करून उघडा.

चौथं दार म्हणजे एएसआयओ. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ते १९९७ मध्ये आणलं. ते विंडोजच्या मधल्या मिक्सरला वळसा घालून सॉफ्टवेअरला जवळजवळ थेट डब्यापर्यंत नेतं, म्हणून संगीतवाले त्याचं एवढं कौतुक करतात. रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ वापरत असाल आणि तुमच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडा.

आता एएसआयओ४ऑल. नाव ऐकलं असेल. हा तुमच्या डब्याचा खरा एएसआयओ ड्रायव्हर नाही, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला एक मुखवटा आहे. ज्यांच्या डब्याला कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हरच नाही त्यांच्यासाठी उत्तम जुगाड. पण कंपनीचा ड्रायव्हर असताना हा टाकू नका. आणि तो डबा अडवून बसतो, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना ब्राउजरमधला व्हिडिओ मुका होऊ शकतो. मग लोक म्हणतात, "साउंड कार्ड गेलं." गेलं नाही हो, एकाने दार लावून घेतलंय.

खरखर, कट-कट आणि माझे नऊ हजार

आता मुख्य दुखणं. ताईंचं होतं ते, आणि दोन वर्षांपूर्वी माझंही.

तेव्हा मी पॅकिंगच्या कोर्सचे चौदा व्हिडिओ रेकॉर्ड करत होतो. तारीख जाहीर केलेली, फी घेतलेली. तिसऱ्या व्हिडिओपासून आवाजात मध्येच "टक" असा आवाज आणि शब्दाचा तुकडा गायब. मी काय केलं? बाजारात गेलो आणि नऊ हजारांचा नवीन इंटरफेस आणला. घरी आलो, लावला, रेकॉर्ड केलं. तीच खरखर! दुकानदार म्हणाला, "सील तोडलंय, परत घेता येणार नाही." त्याचं काही चुकलं नाही, मीही माझ्या दुकानात फोडलेला बंडल परत घेत नाही.

मग चार दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. मी एका म्युझिक प्रोड्यूसरचा व्हिडिओ बघून बफर साइज ६४ वर ठेवली होती, आणि नवीन डबा आल्यावर तिथेही प्रामाणिकपणे ६४ च ठेवली!

बफर म्हणजे काय ते माझ्या दुकानाच्या भाषेत सांगतो. काउंटरवर गिऱ्हाईक सतत माल मागतंय आणि मागच्या गोडाऊनमधून पोरगा ट्रेमध्ये माल आणून देतोय. ट्रे छोटा असेल तर त्याला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात. माल ताजा येतो, लगेच येतो, पण पोरगा मध्येच कुणाशी बोलत उभा राहिला तर काउंटर रिकामा. तो रिकामा क्षण म्हणजे तुमचा "टक". ट्रे मोठा असेल तर फेऱ्या कमी, पोरगा थोडा रेंगाळला तरी काउंटरवर माल शिल्लक. फक्त प्रत्येक वेळी माल थोडा उशिरा येतो.

आकड्यांत बघा. सॅम्पल रेट ४८००० असताना ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण १.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात लॅपटॉपने दुसरं एखादं काम केलं की संपलं. १०२४ चा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. गिटार वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून परत ऐकायचा असतो, त्याला हा उशीर जाणवतो, म्हणून तो बफर लहान ठेवतो. आपल्याला बोलायचंय. आपण आपला आवाज डब्याच्या डायरेक्ट मॉनिटरवर ऐकतो, तिथे उशीर नाहीच. मग बफर ५१२ किंवा १०२४ ठेवायला आपलं काय जातं? माझी खरखर त्या एका आकड्याने नव्वद टक्के गेली. दुसऱ्याच्या धंद्याची सेटिंग आपल्या धंद्याला लावली होती, बाकी काही नाही.

उरलेले दहा टक्के? वायफाय. पोरगा मध्येच कुणाशी बोलत उभा राहतो म्हटलं ना, तो "कुणी" म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या हार्डवेअरचा ड्रायव्हर असतो: वायफाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी सांभाळणारा. तो प्रोसेसर क्षणभर अडवून धरतो आणि आवाज मागे राहतो. लेटन्सीमॉन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतोय हे नावानिशी दाखवतं. आधी सोपी चाचणी करा. एरोप्लेन मोड चालू करा, पुन्हा दहा सेकंद रेकॉर्ड करा. खरखर गेली तर चोर सापडला. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून अपडेट करा, आणि तोवर रेकॉर्डिंगच्या वेळी नेट बंद ठेवा. नाहीतरी मध्येच व्हॉट्सअॅप वाजलं की टेक वाया जातोच.

आता ताईंकडे परत. फोनवर एकेक विचारत गेलो. बफर ठीक होता. नेट बंद केलं, फरक नाही. मग विचारलं, "डबा कुठे लावलाय?" तर एका स्वस्त यूएसबी हबमध्ये, शेजारी प्रिंटर आणि पेनड्राइव्ह. "आणि चार्जर लावलाय का?" तर त्यांच्याकडे संध्याकाळपासून लाईट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, बॅटरी सेव्हर चालू.

दोन्ही गोष्टी घातक. हबमध्ये एकाच यूएसबीची वीज आणि रस्ता तिघांत वाटला जातो, आणि इंटरफेसला तर ४८ व्होल्ट तयार करण्यासाठीही त्याच यूएसबीतून वीज घ्यावी लागते. डबा नेहमी लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावा. एक पोर्ट बिनसला तर दुसरा बघा. आणि बॅटरी सेव्हरमध्ये लॅपटॉप स्वतःला मंद करतो, म्हणजे गोडाऊनचा पोरगाच पेंगतो. शिवाय वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्ट झोपवूही शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या" अशा अर्थाची टिक असते, ती काढा. मध्येच पाच-दहा मिनिटांनी डबा गायब होऊन परत येत असेल तर याच टिकवर पहिला संशय.

ताईंनी हब काढला, बॅटरी सेव्हर बंद केला. चाळीस टक्के चार्ज होतं, तेवढ्यात तीन जाहिराती झाल्या. रात्री साडेदहाला फाइल गिऱ्हाइकाकडे गेली.

एक गोष्ट मात्र ड्रायव्हरची नाही, तिचा फरक ओळखा. सतत "हूंऽऽ" अशी घरघर येत असेल, कट-कट नाही, तर चार्जर काढून बघा. काढल्यावर थांबली तर घोटाळा विजेचा आणि अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, ड्रायव्हर काढू नका. तसंच हेडफोनच्या एकाच कानात आवाज येत असेल तर तुम्ही एका माइकचं रेकॉर्डिंग स्टिरिओमध्ये करताय. सॉफ्टवेअरमध्ये मोनो निवडा, काम झालं.

आवाज बारीक झाला, जाहिरात लवकर संपली

हे कमी वेळा होतं, पण झालं की माणूस घाबरतो. चाळीस सेकंदांची जाहिरात बोललात आणि ऐकताना ती पावणेसदतीस सेकंदांत संपते, आवाज कार्टूनसारखा बारीक. हा सॅम्पल रेटचा गोंधळ. डबा सेकंदाला ४४१०० नमुने घेतोय आणि सॉफ्टवेअरला वाटतंय की ते ४८००० आहेत. चाळीस सेकंदांत १७ लाख ६४ हजार नमुने जमले, ते ४८००० च्या वेगाने वाजवले की ३६.७५ सेकंद होतात. उलटं झालं तर आवाज जाड आणि संथ येतो.

तीन ठिकाणी एकच आकडा ठेवा: डब्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या माइकच्या फॉरमॅटला, आणि सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये. व्हिडिओसाठी ४८००० ची पद्धत आहे, मी सगळीकडे तोच ठेवतो. आणि बिघडलेली फाइल फेकू नका! ऑडॅसिटीत त्या ट्रॅकच्या मेनूत "रेट" आहे, तिथे ४४१०० निवडा. आवाज जागेवर येतो, पुन्हा बोलावं लागत नाही.

आवाज येतोय पण शब्दांची शेवटची अक्षरं खाल्ल्यासारखी, वाक्यांच्या मध्ये अचानक मुकी शांतता, असं असेल तर विंडोजची किंवा लॅपटॉप कंपनीची "ऑडिओ एन्हान्समेंट" बंद करा. ती मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज काढायला असते. रेकॉर्डिंगमध्ये ती आपल्या "ळ" आणि "ह" ला पंखा समजते की काय, देव जाणे.

मॅकवाल्यांना फार त्रास नसतो, तिथे एकच दार आहे, कोअर ऑडिओ. डबा दिसत नसेल तर सिस्टीम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ड्रायव्हरला परवानगी द्यायची राहिली आहे का बघा, आणि सॅम्पल रेट ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्राममध्ये बदलतो. बाकी सगळं तेच.

शेवटचं, अपडेटबद्दल. अपडेट करू नका असं मी कधीच सांगणार नाही, सुरक्षेसाठी ती लागतात. पण ऑर्डर हातात असताना करू नका. विंडोज अपडेटमध्ये काही आठवड्यांसाठी पॉज करायची सोय आहे. सीझनच्या आधी ती दाबा, सीझन संपला की अपडेट करा आणि त्याच दिवशी एक टेस्ट रेकॉर्डिंग करा. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर "रोल बॅक" आहे. ते बटण चालू दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर परत येतो.

ताईंनी आता सगळं नीट चालू असतानाच एक कार्ड लिहून लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवलंय. ड्रायव्हरचा व्हर्जन नंबर, सॅम्पल रेट ४८०००, बफर ५१२, होस्ट वासापी, डावीकडचा पोर्ट, चार्जर लावलेला, हब नाही. ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे, कारण नेट बंद पडायचं ते नेमकं त्याच दिवशी पडतं. मी माझं कार्ड त्यांचं बघूनच केलं, खोटं कशाला बोलू.

माझा तो नऊ हजारांचा दुसरा डबा अजून दुकानात, टेपच्या रोलच्या मागे पडून आहे. बॅचमधल्या कुणाला "दोष माझ्या डब्यात आहे की लॅपटॉपमध्ये" हे तपासायला हवा असेल तर दोन दिवसांसाठी घेऊन जा. डिपॉझिट पाचशे, केबल आठवणीने परत आणायची. रविवारी दुकान बंद असतं.